तळ्याकाठच्या उद्यानात खासगी क्लब येऊ घातला, तर हरकत कशी घ्यावी

सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट बहुधा अशी येते: तळ्याकाठच्या उद्यानात, मुलांच्या घसरगुंडीपलीकडे लाल रंग दिलेले चार खुंट रोवलेले असतात, दोन माणसे फीत धरून मोजमाप करीत असतात आणि विचारल्यावर "आम्हाला काही ठाऊक नाही, वरून सांगितले आहे" एवढेच उत्तर मिळते. चार-आठ दिवसांत कानावर येते, की इथे क्लब होणार आहे, त्यात पोहण्याचा तलाव, उपाहारगृह, बार आणि समारंभाचा हॉल असेल आणि प्रवेश फक्त सभासदांना मिळेल. त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर उसळणारा संताप खरा असतो. पण गोव्यात आमच्या गावातल्या अशाच एका प्रकरणात आम्ही पहिले दोन महिने त्या संतापातच घालवले, आणि तेवढ्या अवधीत समोरच्यांच्या फाइलीवर तीन शिक्के पडले. हे टिपण त्या दोन महिन्यांची भरपाई म्हणून लिहिले आहे.

"आम्हाला क्लब नको" असे म्हणणारा अर्ज कोणताही अधिकारी शांतपणे फाइलीत लावून ठेवू शकतो. "अमुक सर्व्हे क्रमांकाचा हा भाग आराखड्यात उद्यान म्हणून दाखवला आहे, मग त्यावर बांधकामाची मान्यता कोणत्या कलमाखाली विचारात घेतली जात आहे" असे विचारणाऱ्या अर्जाला मात्र कोणाला तरी सहीनिशी उत्तर द्यावे लागते. पुढचे सगळे काम हा दुसऱ्या प्रकारचा अर्ज लिहिता यावा यासाठी आहे.

जागा कोणाची आणि कशासाठी राखलेली

सर्वप्रथम सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग शोधून काढावा. गावात एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि सर्व्हे नकाशा, तर शहरात नगर-सर्व्हेतला चलता क्रमांक, पी. टी. शीट आणि फॉर्म डी असे कागद लागतात. कब्जेदाराच्या रकान्यात सरकार आहे, पालिका आहे, कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी गावसंस्था) आहे की खासगी नाव आहे, यावर लढाईची दिशा ठरते. गोव्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण इथली पुष्कळ जुनी तळी गावकारीने, म्हणजे त्याच गावसंस्थेने, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेली आहेत, आणि त्यांच्याभोवतीची बाके, दिवे आणि पायवाट मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सरकारी पैशातून झालेली आहे. बाके पंचायतीची, जमीन कोमुनिदादीची आणि पाणी सोडण्याची मानस (झडपेचे दार) जलस्रोत खात्याकडे, अशी स्थिती असली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून मालकीचा कागद आधी हाती असावा. जमीन कोमुनिदादीची असेल तर तिचा कोणताही व्यवहार १९६१ च्या कोमुनिदाद संहितेप्रमाणे व्हावा लागतो, आणि त्याची फाइल प्रशासकाच्या कार्यालयात पाहता येते. जमीन पालिकेची असेल तर भाडेपट्ट्याचा ठराव, निविदेची जाहिरात आणि सरकारची मंजुरी हे तीन कागद मागावेत; त्यांतला एखादा मिळत नाही, असे अनेकदा आढळते.

दुसरा कागद आराखड्याचा. नियोजन व विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात ओडीपी (बाह्यविकास आराखडा), आणि उरलेल्या गोव्यात प्रादेशिक आराखडा २०२१ पाहावा लागतो. प्रादेशिक आराखड्यात जलाशय, खाजन जमिनी (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते) आणि भातशेती पहिल्या दर्जाच्या पर्यावरणसंवेदनशील गटात मोडतात. नगरनियोजन खात्याकडून त्या जागेचा क्षेत्रविषयक (झोनिंगचा) दाखला तारखेसह मागून घ्यावा, आणि तारखेबद्दल आग्रही राहावे, कारण क्षेत्रे बदलतात. नगरनियोजन कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या १७(२) कलमाखाली आराखड्यातल्या कथित चुका सुधारण्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले. त्याआधी, त्याच कायद्यात २०२४ मध्ये आणलेल्या ३९-अ कलमाने क्षेत्रबदलाची सूचना प्रसिद्ध करून हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत ठेवली. ती सूचना तुमच्या दारावर कोणी चिकटवत नाही. गटातल्या एका माणसाने दर गुरुवारी राजपत्र उघडून आपला तालुका, गाव आणि सर्व्हे क्रमांक शोधायचा, एवढे एकच काम त्याच्याकडे द्यावे. आमच्याकडे हे काम एका निवृत्त शिक्षिकेने घेतले आणि एकही गुरुवार चुकवला नाही.

पाणी कुठपर्यंत येते

या भागावर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण क्लबवाल्यांचा नकाशा जवळजवळ नेहमीच एप्रिल-मे महिन्यातला असतो. त्यात तळे एका कोपऱ्यात आक्रसलेले दिसते आणि मधली सगळी जमीन मोकळी वाटते. आषाढात तीच जमीन गुडघाभर पाण्यात असते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण फाइलीत त्याचा पुरावा नसतो.

पाणथळ क्षेत्रे (संवर्धन आणि व्यवस्थापन) नियम, २०१७ मधला चौथा नियम नीट वाचावा. अधिसूचित पाणथळीत तिचा अन्य वापरासाठी बदल करणे, भराव घालणे किंवा अतिक्रमण करणे, कचरा टाकणे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांवर त्यात बंदी आहे. बोटींच्या धक्क्याखेरीज कोणतेही कायम स्वरूपाचे बांधकाम सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरांच्या आत करता येत नाही. ही पूरपातळी ठरवताना नियम लागू झाल्याच्या दिवसापूर्वीची दहा वर्षे धरायची असतात; नियम सप्टेंबर २०१७ मध्ये आले, म्हणजे आपल्याला साधारण २००७ ते २०१७ या काळातले पाणी दाखवावे लागते. यंदाच्या पावसाळ्यात काढलेले ड्रोनचे चित्रण देखणे असते, उपयोगीही असते, पण नियमाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

ते उत्तर आम्हाला गणपतीच्या फोटोंत मिळाले. चतुर्थी येते भाद्रपदात, तळे तेव्हा काठोकाठ भरलेले असते, आणि विसर्जनाचा फोटो नाही असे घर गोव्यात शोधूनही सापडणार नाही. वाड्यावरच्या एका काकांनी पत्र्याच्या पेटीतून २०१३ च्या विसर्जनाचा फोटो काढून दिला. त्यात आरतीचे तबक धरलेली त्यांची सून घाटाच्या तिसऱ्या चिऱ्याच्या पायरीवर उभी होती आणि पाणी तिच्या टाचांना लागलेले होते. ती पायरी आजही जागच्या जागी आहे. तिच्या कडेला असलेला तुटका चिरासुद्धा फोटोतल्यासारखाच आहे. आम्ही त्या पायरीपासून लाल खुंटापर्यंत फीत धरली, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी पंचनामा लिहिला आणि फोटोची मूळ प्रत जपून ठेवून तिची प्रत जोडली. खुंट पन्नास मीटरांच्या पुष्कळ आत होता. सगळ्या वाड्याने मिळून असे सतरा-अठरा फोटो जमवले. ज्यांच्या मागे स्टुडिओचा तारखेचा शिक्का होता ते वेगळे काढले. जुन्या उपग्रहचित्रांची जोड द्यावी, पण पावसाळ्यात ढगांमुळे ती फारशी मिळत नाहीत, हे आधीच धरून चालावे.

आता समोरून येणारा युक्तिवाद. हेच नियम भातशेती, नदीचे पात्र आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यपालन, मिठागर किंवा करमणूक यांसाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळतात. गोव्यातली कितीतरी तळी बांध घालून केलेली असल्यामुळे "हे तर सिंचनाचे तळे" असे सांगितले जाणारच. त्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. तळे आधीच अधिसूचित झाले असेल तर तो वाद बराचसा संपलेला असतो. म्हणून गोवा राज्य पाणथळ प्राधिकरणाची यादी पहिल्याच दिवशी मागवावी. अधिसूचित नसेल, पण आकाराने २.२५ हेक्टरांपेक्षा मोठे असेल, तर ते राष्ट्रीय पाणथळ नकाशावलीत आहे का ते तपासावे, कारण त्या यादीतल्या २,०१,५०३ पाणथळींना आधीच्या, २०१० च्या नियमांतल्या चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. आणि तिसरे म्हणजे, तळ्याला भरती-ओहोटीचे पाणी लागत असेल तर किनारी विनियमन क्षेत्राचा प्रश्न उभा राहतो आणि किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज करता येतो. माणसाने वापरलेले पाणी म्हणजे पाणथळ नव्हे, असे मात्र कोणी म्हणू लागला तर कुडचड्यातल्या नंदा तळ्याचे उदाहरण द्यावे: तिथले साठवलेले पाणी खालच्या भातशेतीला दिले जाते, आणि तरीही २०२२ मध्ये ते गोव्याचे पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ठरले. चिंबलच्या तोयार तळ्याजवळ नियोजित मॉलला गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हाही तळ्याची हद्द आणि प्रभावक्षेत्र हाच वादाचा मुख्य मुद्दा होता.

पक्ष्यांच्या नोंदी ठेवाव्यात, पण "दुर्मीळ पक्षी" अशी मोघम भाषा टाळावी. दिनांक, वेळ, जागा, प्रजाती आणि संख्या एवढेच लिहावे. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने तयार केलेल्या लोक जैवविविधता नोंदवहीत आपले तळे आहे का तेही पाहावे. पुष्कळ गावांत ही नोंदवही कपाटात बंद असते आणि ती आपल्या बाजूने बोलते हे पंचांनाही ठाऊक नसते.

फाइल पाहणे

माहिती हक्काच्या अर्जात "क्लबविषयीची सर्व माहिती द्यावी" असे लिहिले, की "माहिती मोघम आहे" असे उत्तर येते. अर्ज असा असावा:

"अमुक गावातील सर्व्हे क्रमांक अमुक, उपविभाग अमुक या जागेसंबंधी आपल्या कार्यालयात दिनांक अमुकपासून आजपर्यंत दाखल झालेले सर्व अर्ज, त्यांवरील कार्यालयीन टिपणी, जागेच्या पाहणीचे अहवाल, जोडलेले नकाशे, दिलेले ना हरकत दाखले व परवाने यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. प्रती घेण्यापूर्वी मला मूळ फाइल पाहावयाची आहे. त्यासाठी दिवस व वेळ कळवावी."

शेवटचे वाक्य विसरू नये. कायद्याने फाइल पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि प्रत मागताना जे पान "सापडत नाही" ते समोर फाइल उघडली की सापडते. टिपणीची पाने विशेष लक्षपूर्वक वाचावीत, कारण कनिष्ठ अभियंत्याने "जागा सखल असून पावसाळ्यात पाणी साचते" असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते आणि वरच्या सहीने ते झाकलेले असते. उत्तरासाठी ३० दिवस, न मिळाल्यास त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे, हे टप्पे दिनदर्शिकेवर आधीच मांडून ठेवावेत. पंचायत, नगरनियोजन खाते, पाणथळ प्राधिकरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जमीन बिनशेती केली असल्यास सनद देणारे महसूल कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या व्यक्तीच्या नावाने अर्ज गेलेला बरा. एकाच माणसावर दडपण येत नाही.

हरकतपत्र आणि ग्रामसभा

हरकतपत्र दोन पानांपेक्षा मोठे नसावे. पहिल्या परिच्छेदात जागा, दुसऱ्यात तिचा आराखड्यातला दर्जा, तिसऱ्यात पाण्याची रेषा आणि अंतर, चौथ्यात मागणी, आणि प्रत्येक विधानापुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक असावा. मागणी नेमकी लिहावी: बांधकाम परवाना देऊ नये, दिला असल्यास त्याची प्रत द्यावी, आणि निर्णयापूर्वी हरकतदारांना सुनावणी द्यावी. मराठीत अर्ज करण्यास काहीच अडचण नाही, कारण गोव्यात शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येतो. मात्र जोडपत्रांची सूची इंग्रजीत दिली तर नगरनियोजन खात्यातले काम लवकर हलते, हा अनुभव आहे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आमच्या पहिल्या पत्रावर शिक्का नव्हता, कारण कारकुनाने "ठेवून जा, साहेब आले की लावतो" म्हटले आणि आम्ही भिडेस्तव ठेवून आलो. त्या पत्राचा आजतागायत पत्ता नाही.

गावाच्या हद्दीत बांधकामाला पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ खाली पंचायतीचा परवाना लागतो. पंचायतीच्या निर्णयाविरुद्ध पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील होते. ते अपील क्लबवालेही करू शकतात आणि पंचायतीने नाकारलेला परवाना तिथून मिळवू शकतात; म्हणून पंचायतीने नकार दिला की लाडू वाटण्याआधी उपसंचालकांच्या कार्यालयात आपल्याला ऐकून घ्यावे, असा अर्ज देऊन ठेवावा.

सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत, रविवारी होतात. प्रश्न आधी लेखी द्यावा, नाहीतर "विषयपत्रिकेत नाही" म्हणून तो ढकलला जातो. सभेत तावातावाने बोलणारे पुष्कळ मिळतात. गरज असते ती ठराव लिहून आणणाऱ्याची. आम्ही आणलेला ठराव साधारण असा होता: "सर्व्हे क्रमांक अमुक येथील तळे, त्याचा काठ व सार्वजनिक उद्यान यांचा वापर सर्व ग्रामस्थांसाठी खुला राहावा, या जागेत सभासदत्वावर आधारित कोणत्याही बांधकामास पंचायतीने परवाना अथवा ना हरकत दाखला देऊ नये, आणि तळ्यास पाणथळ म्हणून अधिसूचित करण्याची विनंती पंचायतीने राज्य पाणथळ प्राधिकरणास करावी, असे ही ग्रामसभा ठरवते." सूचक व अनुमोदकाचे नाव, मतांची नोंद आणि इतिवृत्ताची प्रमाणित प्रत, हे तीनही मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. एकट्या ठरावाने परवाना रद्द होत नाही, पण पुढे न्यायालयात "गावाचा विरोध नव्हता" असे कोणी म्हणू शकत नाही.

क्लबच्या बाजूचे लोकही गावचेच असतात, हे सभेत जाताना ध्यानात ठेवावे. कोणाच्या मुलाला तिथे नोकरी मिळणार असते, कोणाची टॅक्सी चालणार असते. त्यांना विकलेले म्हणणे चूक तर आहेच, शिवाय मते घालवणारे आहे. त्यांना विचारावे, की नोकऱ्या किती, कायम किती, आणि हे कुठे लिहून दिले आहे का. क्लबसाठी गावात दुसरी योग्य जागा असेल तर ती सुचवण्यात कमीपणा नाही. बिल्डरविषयी किंवा सरपंचांविषयी कागदाने सिद्ध न होणारे एक अक्षरही गटाच्या नावाने लिहू नये. बदनामीच्या एका नोटिशीने सगळा गट महिनाभर वकिलाच्या पायऱ्या चढतो. वर्गणी घेतलीत तर पावती द्यावी आणि हिशेब दरमहा मंदिराच्या किंवा चॅपेलच्या फलकावर लावावा.

न्यायालयाकडे कधी वळावे

काम सुरू होण्याची वाट पाहू नये, आणि फाइल कच्ची असताना धावूही नये. मुद्दा पाणथळीचा, सांडपाण्याचा किंवा झाडांखालच्या जंगलजमिनीचा असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्याचे पश्चिम खंडपीठ हा मार्ग आहे; तिथे वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज व्हावा लागतो, आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. मुद्दा नगरनियोजन किंवा पंचायत कायद्याचा असेल तर हे न्यायाधिकरण तो ऐकत नाही, कारण ते कायदे त्याच्या अनुसूचीत नाहीत. त्यासाठी पर्वरीला उच्च न्यायालयाकडे जावे लागते. वकिलाला भेटताना सहा महिने मोजण्याची तारीख आपण लिहून न्यावी: खुंट कधी दिसले, परवाना कधी कळला. पर्यावरणीय मंजुरीच्या अभावावर फार विसंबू नये, कारण इमारतींना ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून लागते आणि क्लब सहसा त्याच्या खाली ठेवले जातात.

उद्यानाच्या बाबतीत दोन निकाल वकिलाच्या कानावर जरूर घालावेत. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, ती १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे असे मान्य केले. रुग्णालयासाठी जे चालले नाही ते क्लबसाठी कसे चालावे, असा प्रश्न तिथून आपोआप निघतो. दुसरा लखनौचा: महापालिकेने अमिनाबादमधल्या उद्यानाखाली खासगी विकासकाकडून बाजारसंकुल बांधून घेतले होते, १९९९ मध्ये न्यायालयाने ते पाडून उद्यान पूर्ववत करायला लावले. बांधकाम झाले म्हणजे सगळे संपले, असे समजणाऱ्यांनी हा दुसरा निकाल वाचावा.

या सगळ्या काळात जागेवरची नोंद थांबता कामा नये. दर आठवड्याला त्याच पायरीवर उभे राहून, त्याच दिशेने एक फोटो काढावा आणि वहीत दिनांक, वेळ व पाण्याची पायरी लिहावी. मातीचा ट्रक आला तर त्याचा क्रमांक, वेळ आणि माती कुठे टाकली ते त्याच दिवशी नोंदवून पंचायत, मामलेदार आणि पाणथळ प्राधिकरण यांना लेखी कळवावे. भराव एकदा गवताने झाकला गेला की तो मुळातलाच होता असे म्हणायला लोक मोकळे होतात. सगळ्या कागदांचे दोन संच करावेत आणि ते दोन वेगळ्या घरांत ठेवावेत. आमचा एक संच त्या शिक्षिकेकडे आहे, दुसरा काकांच्या पत्र्याच्या पेटीत. लाल खुंट अजून उपटलेले नाहीत. गेल्या श्रावणात त्यांतले दोन पाण्याखाली होते, आणि त्यांचा फोटो तारखेसह दोन्ही संचांत लावलेला आहे.